सोनुत्तराचा माग

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे नाव खरडलेले आहे. खाली पलटणीचे नाव, २८वे घोडदळ, आणि तारीख : २८ एप्रिल १८१९. हे नाव आज हात पोचणार नाही इतक्या उंचीवर दिसते. त्या वेळी लेणे दगडमातीने भरलेले होते आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. ज्यावर त्याने चाकू चालवला ते बुद्धाचे चित्र होते. वाघाच्या शिकारीला निघालेल्या स्मिथला वाघुर नदीच्या वळणावर लेण्याची कमान दिसली आणि अजिंठ्याचा ‘शोध’ लागला, असे शाळेच्या पुस्तकापासून सहलीच्या गाइडपर्यंत सगळे सांगतात. कोणी असेही सांगतात की एका गुराख्याच्या पोराने वाट दाखवली. त्या पोराचे नाव कोणी सांगत नाही. ज्याला ती जागा आधीच माहीत होती त्याने शोध लावला नाही आणि ज्याला माहीत नव्हती त्याने लावला, हा इतिहासलेखनाचा प्रस्थापित न्याय आपल्या चांगलाच परिचयाचा आहे.

स्मिथने नाव कोरले तेव्हा कोरेगावच्या लढाईला सोळा महिने होत आले होते. कोरेगावच्या स्तंभावर पुढे जी नावे कोरली गेली त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची महार शिपायांची बावीस नावे आहेत. बंदूक हाती आली तेव्हा नाव दगडावर आले. पण त्याच काळात, त्याच मुलखात, त्याच साहेबांच्या पुढे रानात अनवाणी चालणाऱ्या, मातीवरचा ठसा वाचणाऱ्या माणसाचे नाव कोठेही कोरलेले नाही. प्रस्तुत लेख या माणसाविषयी आहे. त्याचा माग काढायचा तर एका हत्तीच्या मागावरून जावे लागते, आणि तो हत्ती स्मिथच्या नावापासून काही पावलांवर, त्याच लेण्याच्या उजव्या भिंतीवर आहे.

तो छद्दंत जातकातील हत्ती होय. दहाव्या लेण्यातील हे चित्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. पुढे पाचव्या शतकात सतराव्या लेण्यातही ही कथा पुन्हा रंगवली गेली. भारहूत आणि सांचीच्या शिल्पांतही ती आहे. कथा आपल्यापैकी अनेकांनी वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकली असेल. सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा. त्याच्या दोन राण्या. एकदा त्याने फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली. वारा असा होता की एका राणीवर फुले पडली आणि दुसरीवर, चुल्लसुभद्देवर, वाळक्या काटक्या आणि तांबड्या मुंग्या. तिने मनात सल धरला. पुढच्या जन्मी ती काशीच्या राजाची पट्टराणी झाली आणि आजारी पडल्याचे सोंग घेऊन त्या हत्तीचे सुळे मागू लागली. राजाने राज्यातले सगळे व्याध बोलावले. साठ हजार आले, असे जातक म्हणते. त्यांतून राणीने एक निवडला : सोनुत्तर. रुंद पायांचा, अंगावर व्रण असलेला, दिसायला भयंकर. त्याला पाच गावांचे उत्पन्न देऊ केले, कुऱ्हाड, कुदळ, पहार, चामड्याची पिशवी असे सगळे सामान दिले, आणि धाडला.

सात वर्षे, सात महिने, सात दिवस तो चालला. जातककाराने ही चाल तपशिलाने सांगितली आहे. गवत, वेत, बांबू, काटेरी झुडपे, चिखल, पाणी, डोंगर असे एकामागून एक पट्टे तो ओलांडतो. जेथे जसे हत्यार लागेल तेथे तसे काढतो. ज्याने कधी रान पाहिले नाही त्याला हे लिहिता येणार नाही. शेवटी हत्ती रोज ज्या जागी उभा राहतो ती जागा त्याने हेरली, तेथे खड्डा खणला, वर फळ्या टाकून माती पसरली आणि आत बसला. अंगावर भिक्षूचे काषाय वस्त्र घेतले. हत्ती आल्यावर खालून विषारी बाण मारला. हत्ती चवताळला, फळ्या उडवल्या, सोंडेत धरायला गेला, आणि काषाय वस्त्र पाहून थांबला.

येथे हत्ती जो प्रश्न विचारतो तो माझ्या मते या कथेचा गाभा आहे. प्रवचनात तो सहसा सुटून जातो. तो विचारतो : मला कशासाठी मारलेस, कोणत्या कारणाने, आणि हे कोणाच्या सांगण्यावरून केलेस? मरणाऱ्या जनावराला बाण मारणारा हात समोर दिसतो आहे. तरी त्याला ठाऊक आहे की हा हात कोणी तरी धाडलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही दप्तराला, गॅझेटिअरला, शिकारीच्या आठवणींच्या पुस्तकाला विचारावा असा हा प्रश्न आहे.

आता सोनुत्तर कोण होता ते पाहू. जातक त्याला नेसाद म्हणते, म्हणजे निषाद. पाली वाङ्मयात नीच कुळांची एक ठरीव यादी पुन्हा पुन्हा येते : चांडाल, नेसाद, वेण, रथकार, पुक्कुस. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात निषादाला मासे मारण्याचा धंदा नेमून दिला आहे आणि रानातली जनावरे मारण्याचे काम मेद, आंध्र, चुंचू, मद्गू अशा दुसऱ्या संकरजातींना. एकलव्य निषादच होता. त्याचा अंगठा कोणी मागितला हे आपल्या चळवळीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण सोनुत्तराकडे आपण आपला म्हणून पाहत नाही. अजिंठ्याला गेलो की आपण हत्तीपुढे हात जोडतो. तो बोधिसत्त्व आहे, त्याने करुणेने स्वतःचे सुळे स्वतःच्या सोंडेत करवत धरून कापून दिले. ते योग्यच आहे. पण चित्राच्या दुसऱ्या कडेला पिशवी खांद्यावर घेऊन उभा असलेला माणूस जातीने आपल्या रांगेतला आहे, हे सांगण्याचे धैर्य आपल्याकडे कमी.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप असा की जातके पुनर्जन्मावर उभी आहेत, बाबासाहेबांनी आत्म्याचे स्थलांतर नाकारले आहे, तेव्हा या कथांत वेळ का घालवावा? आक्षेप मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. जातके मी धर्मग्रंथ म्हणून वाचत नाही. त्या काळच्या समाजात कोण कोणाला हुकूम करी, कोण कोणते काम करी, कोणाच्या अंगावर व्रण असत, याची ती साक्ष आहेत. अशी साक्ष ब्राह्मणी वाङ्मयात क्वचित मिळते. तेथे निषाद येतो तो शाप खायला नाही तर नाव वल्हवायला.

आता हत्ती. नांदुऱ्याच्या माणसाला वाटेल, आपल्या पूर्णेच्या काळ्या सपाटीत कापूस आणि तूर. येथे हत्ती कोठला? देवळाच्या मिरवणुकीतला किंवा सर्कशीतला. पण अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईन-इ-अकबरीत रानटी हत्ती कोठे सापडतात त्याची यादी दिली आहे, तीत नरवरच्या रानापासून वऱ्हाडापर्यंतचा मुलूख येतो. हंडिया, बिजागड, हुशंगाबाद ही सातपुड्यापलीकडची नर्मदाकाठची ठिकाणे येतात. म्हणजे नांदुऱ्याहून उत्तरेला स्वच्छ दिवशी जी निळी रेघ दिसते तिच्या पलीकडे चारशे वर्षांपूर्वी रानहत्ती होते. त्याच ग्रंथात हत्ती धरण्याच्या रीतीही दिल्या आहेत. त्यांत एक खड्ड्याची आहे : हत्तीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर खड्डा खणून वर गवत पसरायचे. सोनुत्तराचाच खड्डा, फक्त आत माणूस नाही. खड्डे कोणी खणले हे अबुल फजल सांगत नाही. (१९७४ साली दायमाबादला ताम्रपाषाणयुगातला ब्राँझचा हत्ती सापडला. त्याच्याबरोबर गेंडा, रेडा आणि रथही होते. तो झाडाची मुळे खणणाऱ्या एका भिल्लाच्या कुदळीला लागला होता. खणणारा हात बदललेला नाही.)

हत्तीचा माग काढणे ही विद्या आहे, अंगमेहनत नव्हे, हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या कामाला ‘विद्या’ म्हणायची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही. कोरड्या रानात, जेथे जमीन कडक आणि झुडपे काटेरी, तेथे इतके मोठे जनावरदेखील ठसा अस्पष्टच ठेवते. मागकाढ्या तळव्याच्या भेगा पाहतो. तरुण हत्तीच्या भेगा ठळक असतात. म्हाताऱ्या नराचा तळवा झिजून गुळगुळीत झालेला असतो, टाचेची कड बोथट होते. पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट केली की खांद्यापर्यंतची उंची साधारण कळते. मग लीद. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चावणे नीट होत नाही, तेव्हा लिदीत काड्या आणि साल अख्खी दिसू लागते. हात घालून ऊब पाहिली की जनावर किती पुढे आहे ते कळते. मोडलेल्या फांदीचा चीक वाळला की ओला, उलटलेल्या पानाची खालची बाजू मलूल झाली की नाही, आणि चिमूटभर राख सोडून वारा कोणीकडचा, हे सगळे चालता चालता वाचायचे. चुकले तर पहिला मरणारा तोच, कारण पुढे तो असतो आणि बंदूक मागे.

ही विद्या आफ्रिकेतही अशाच लोकांकडे होती. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मुलाला घेऊन पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेला. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली, त्यांत ११ हत्ती. त्यांच्या तांड्यात ओझी वाहणारे काळे हमाल शेकड्यांनी होते. पुस्तक रूझवेल्टच्या नावावर आहे. केनियाच्या त्सावो भागातले वाटा लोक, ज्यांना वालियांगुलु असेही म्हणत, लांब धनुष्य आणि झाडाच्या विषाचे बाण घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हत्ती मारीत आले होते. गोऱ्यांच्या सफारीला त्यांच्यासारखे मागकाढे चालत. पण तोच माणूस स्वतःसाठी हत्ती मारू लागला की तो चोरटा शिकारी ठरे. १९५६-५७च्या सुमारास सरकारने मोहीम काढून या लोकांना धरले, तुरुंगात टाकले. परवाना विकत घेणारा शिकारी आणि पोटासाठी मारणारा गुन्हेगार, ही वाटणी आपल्याला नवी वाटू नये. आपल्या पारध्यांना १८७१च्या कायद्याच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. राजेरजवाड्यांना आणि साहेबांना जनावर दाखवायला मात्र पारधीच लागे.

या बाबतीत शाहू महाराजांचे उदाहरण अवघड आहे, म्हणूनच सांगतो. महाराज स्वतः मोठे शिकारी होते. चित्त्यांकरवी हरणांची शिकार हा त्यांचा आवडता खेळ. पण रानाची विद्या असलेल्या पारध्यांना त्यांनी विश्वासाने पहाऱ्यावर नेमले आणि १९१८ साली महार वतन आणि वेठ आपल्या संस्थानात बंद केली. शिकारीचा शौक आणि वेठीचा जुलूम एकमेकांना चिकटलेलेच असले पाहिजेत असे नाही, एवढे यावरून दिसते. वऱ्हाडात मात्र ते चिकटलेले होते.

गावगाड्यात माग काढणे हे आपल्या लोकांचे नेमून दिलेले कामच होते. चोरी झाली की पावलांचा माग गावच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली करायचा; महार, रामोशी, भिल्ल, ज्या भागात जो असेल तो. माग आपल्या शिवेत हरवला तर भरपाई अंगावर. साहेबाचा दौरा आला की डेऱ्याचे सामान वाहणे, घोड्याला गवत, चुलीला लाकूड, वाट दाखवायला माणूस, हे सगळे महारवाड्यातून. शिकार असली की हाका. शेजारच्या खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रमची नोंद त्याच्या चरित्रकाराने अभिमानाने दिली आहे : १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत १९१ वाघांच्या मरणाला तो स्वतः हजर होता. वाघांबरोबर २५ अस्वले, १५ बिबटे, १२ रानरेडे. आकडा एकेक मोजून ठेवला आहे. या १९१ वाघांचा माग काढायला आणि ते उठवायला किती माणसे गेली, किती जखमी झाली, याचा आकडा त्या नोंदीत नाही.

माझ्या पणजोबांनी सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव-जामोदच्या बाजूला, हाके केलेले होते. आजोबा लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेले, ती हकिगत ते आम्हाला सांगत. आदल्या रात्री रेडकू बांधायचे. सकाळी ते मारलेले दिसले की गावात निरोप. महारवाड्यातले आणि वरच्या पाड्यांतले कोरकू, सगळ्यांना रेटून न्यायचे. डफ, पत्र्याचे डबे, दगड घेऊन रानात धनुष्यासारखी रांग धरायची आणि आरडत पुढे सरकायचे. बाजूंना झाडांवर माणसे. जनावर तिकडे वळले तर त्यांनी नुसती फांदी खटखटवायची, ओरडायचे नाही. समोर मचाणावर साहेब. आजोबांच्या हातात डबा होता. वाघ जखमी होऊन नाल्यात शिरला तेव्हा रक्ताचे थेंब पाहत पुढे जायला पणजोबांना सांगितले. त्यांच्या हातात काठी. वाघ पुढे मेलेलाच सापडला म्हणून ते परत आले. मजुरी कधी दोन आणे, कधी काहीच नाही. नंतर फोटो निघाला तेव्हा हाकेवाल्यांना मागे सरकवले. आजोबा म्हणत, “आम्हाला वाटलं फोटोला उजेड पाहिजे असंल.”

असे फोटो मी नंतर एका जुन्या विश्रामगृहाच्या भिंतीवर पाहिले. समोर वाघ, त्यावर बूट ठेवलेला गृहस्थ. मागे कडेला अर्धी कापलेली माणसे. कोणाचे फक्त खांदे, कोणाचा हात.

वाघाच्या बाबतीत आपल्याकडे १९७२चा कायदा आला, १९७३ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्पात गेला, शिकार थांबली. ते चांगलेच झाले. पण मागकाढ्याचे काय झाले? २०१९ साली टिपेश्वरच्या रानातला गळपट्टा लावलेला एक तरुण वाघ सुमारे तेराशे किलोमीटर भटकत डिसेंबरात आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात आला. आमच्या नांदुऱ्यातून वाहणारी ज्ञानगंगा त्याच डोंगरातून येते. त्या वाघाला नाव मिळाले, क्रमांक मिळाला, उपग्रहावरून त्याच्या चालीचा नकाशा निघाला, तो वर्तमानपत्रांत छापला. गळपट्टा काही तासांनी एकदा जागा सांगतो. मधल्या नाल्यात, शेताच्या बांधावर, पहाटेच्या धुक्यात ठसा पाहणारे पाय माणसाचेच लागतात, आणि रानात ते बहुधा रोजंदारीवरचे असतात. त्यांचा नकाशा काढायला उपग्रह नाही.

मागल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना घेऊन बुलढाणामार्गे अजिंठ्याला गेलो. दहाव्या लेण्यातले चित्र फार पुसट झाले आहे. धूर, वटवाघळे, आणि स्मिथनंतर नावे खरडणारे शेकडो लोक. काही दिसते, काही समजून घ्यावे लागते. सुळे पाहून राणी कोसळते तो भाग मी दाखवत होतो, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दोष सगळा राणीवरच का? व्याधांना बोलावलं ते राजाने ना?” मी हे चित्र अनेकदा शिकवले आहे. सोनुत्तराची जात मी शोधून काढली होती, पण राजा माझ्याही नजरेतून सुटला होता. ज्याच्या नुसत्या शब्दावर साठ हजार माणसे गोळा होतात तो कथेत जवळजवळ अदृश्य आहे. तो शिक्षा भोगत नाही, रडत नाही, मरतही नाही. मत्सर बाईचा, बाण निषादाचा, करुणा हत्तीची, आणि राज्य त्याचे. कोणाच्या सांगण्यावरून, या हत्तीच्या प्रश्नाला सोनुत्तराने राणीचे नाव सांगितले. त्याच्याकडे जेवढे उत्तर होते तेवढे त्याने दिले. त्याच्यावरच्या पायऱ्या त्याला कोठून दिसणार? माझ्या पणजोबांनाही हाक्याला बोलावणारा कोतवाल दिसे, फार तर पाटील दिसे.

आणखी एक गोष्ट तिनेच दाखवली. सोनुत्तर आयुष्यभर ज्या कुळात राहिला तेथे त्याच्या अंगावरचे वस्त्र त्याच्या जातीची खूण होते. काषाय घातल्याबरोबर हत्तीने त्याला मारले नाही. ती म्हणाली, त्याला फसवायचे होते हे खरे, पण कपड्याने जात झाकते हे त्याला कोणी शिकवले असेल? वर्गात या प्रश्नावर दोन दिवस वाद झाला. काहींचे म्हणणे पडले की तो धम्माचा अपमान आहे आणि त्यावर चर्चाच नको. काहींनी छप्पनच्या दीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी घातलेल्या पांढऱ्या कपड्यांची आठवण काढली. मी निकाल दिला नाही.

अजिंठा गावात एक कबर आहे. रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराने १८४४ पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. तोही पट्टीचा शिकारी. त्याच्याबरोबर राहिलेली स्थानिक स्त्री पारो २३ मे १८५६ रोजी वारली, तेव्हा त्याने तिच्या कबरीवर तिचे नाव कोरले. गिल स्वतः १८७९ साली गेला, त्याची कबर आमच्याच रेल्वेमार्गावर भुसावळला आहे. शिकाऱ्यांच्या या सगळ्या इतिहासात स्थानिक माणसाचे दगडावरचे नाव म्हणून मला एवढे एकच माहीत आहे, आणि तेही प्रेमापोटी आलेले, कामापोटी नव्हे.

परत आल्यावर विद्यार्थ्यांनी ठरवले की ज्यांच्या घरी हाक्याच्या आठवणी आहेत त्यांनी त्या लिहून आणाव्यात. बहुतेकांनी मोबाइलवर टिपून आणल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी आम्ही नव्वदीच्या एका आजोबांकडे गेलो. लहानपणी ते झाडावर बसून फांदी खटखटवीत. त्यांना नाला आठवत होता, बाभूळ आठवत होती, कोणत्या बाजूने वारा होता ते आठवत होते. रांगेत डावीकडून कोण कोण होते ते त्यांनी बोटे मोडीत क्रमाने सांगितले, अकरा नावे. ती आम्ही लिहून घेतली. घरच्यांना विचारल्यावरच छापायची. मी विचारले, साहेब कोण होता? ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, “होता कोणी तरी.”